फळा एक, वर्ग गायब

ऑनलाइन तासाला मुलं एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून हळहळू नका, सर. एक डिजिटल फळा उघडा, लिंक ग्रुपवर टाका, की सहयोगी अध्ययन झालंच म्हणून समजा.

प्रश्न मात्र विचारायचा नाही. मधोमध गोल काढून त्यात ‘पर्यावरण’ लिहायचं आणि ‘चला, सगळे मिळून विचार करूया’ म्हणायचं. ६० जणांना एकदम संपादनाचा अधिकार द्यायचा. पाच-पाच जणांचे गट पाडावेत, प्रत्येक गटाला आपली चौकट आणि नेमकं काम द्यावं, असा मोह होईल, तो आवरा. उद्या पोरं खरंच आपसांत वाद घालायला लागली तर ‘म्यूट करा, म्यूट करा’ कोण ओरडत बसणार?

नावानिशी लॉगिनही नको. गूगल स्लाइड्समध्ये लॉगिन न करता शिरलेल्याला आपोआप एखाद्या प्राण्याचं नाव मिळतं. मग वर्गात कॅपिबारा येतो, तो गोल उचलून कोपऱ्यात नेतो, आणि तुम्ही हजेरीपटात त्याला शोधत बसता.

पहिली पिवळी चिठ्ठी येईल: ‘झाडे लावा’. दुसरी: ‘झाडे लावा’. अकराव्या चिठ्ठीपर्यंत हेच. याला एकमत म्हणायचं. मिरो या ॲपसारखा फळा असेल तर त्याला काठच नसतो; तास संपल्यावर झूम कमी करत गेलात की दूर कुठेतरी एकटी चिठ्ठी सापडते: ‘सर आवाज येत नाहीये’.

चाळीस बाणांचा मनोनकाशा (माइंड मॅप) तुम्ही लॅपटॉपवर काढा, निवांत. पोरं तो मोबाईलवर, दोन बोटांनी ताणून बघतील. एसटीत बसलेल्याला तर बाणाचं टोकसुद्धा दिसणार नाही. (आमच्या वेळी कॉलेजच्या भित्तिपत्रकासमोर निदान एकमेकांना कोपर तरी लागायचं.)

आणि वर्षभराचं सगळं एकाच ॲपवर साठवा, प्रत वगैरे काढू नका. गूगलच्या जॅमबोर्ड या डिजिटल फळ्याच्या ॲपवर ज्यांनी फळे सजवले, त्यांना १ ऑक्टोबर २०२४ पासून ते नुसते बघता यायला लागले आणि ३१ डिसेंबरला गूगलने दुकानच बंद केलं. पीडीएफ तेवढे उरले. त्यातली चिठ्ठी कुणालाच हलवता येत नाही, म्हणजे वर्गाला शिस्त लागली एकदाची.

स्क्रीनशॉट मात्र रंग ताजे असतानाच घ्या. मूल्यांकनाच्या फायलीत तो ‘विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग’ या मथळ्याखाली उठून दिसतो. कॅपिबारा कुठल्या तुकडीचा, हे समिती विचारत नाही.