‘नवे प्लॅनिंग सॉफ्टवेअर बसवा, साठा आपोआप उतरेल’: या दाव्याचा प्रतिवाद

गेले काही महिने प्लॅनिंग, परचेस आणि स्टोअरमधल्या लोकांच्या गटांत एक मजकूर फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, सांगणे एकच. मोठ्या उत्पादक कंपनीचे प्लॅनिंग बिघडते ते एक्सेलमुळे. नवे सॉफ्टवेअर बसवा. मागणीचा अंदाज तेच अचूक काढेल, पुरवठादारापासून डिस्पॅचपर्यंत सगळे एका स्क्रीनवर दिसेल, साठा तिसऱ्या हिश्शाने उतरेल, सहा महिन्यांत पैसे वसूल होतील आणि प्लॅनर, म्हणजे कोणता माल किती आणि कधी मागवायचा हे ठरवणारी माणसे, लागणारच नाहीत.

मी पंधरा वर्षे याच कामात आहे. अशी दोन सॉफ्टवेअर बसताना आतून पाहिली. एक लवकर रुळले, दुसऱ्याला तीन वर्षे लागली. नव्या सॉफ्टवेअरला माझा विरोध नाही, चांगले असेल तर मला ते हवेच आहे. पण असले मजकूर बैठकीत वाचून दाखवले जातात, त्यावरून तारखा आणि उद्दिष्टे ठरतात, आणि मग त्यात सर्वांत आधी भरडला जातो तो प्लॅनर. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

‘प्लॅनिंग बिघडते ते एक्सेलमुळे’

प्लॅनर स्वतःची शीट का ठेवतो, हे या मजकुरात कुठेच विचारलेले नाही. समजा, एका कास्टिंगचा (ओतीव भागाचा) लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल यायला लागणारा वेळ, सिस्टिममध्ये 30 दिवस आहे, कारण मास्टर, म्हणजे प्रत्येक भागाची सिस्टिममधली मूळ नोंद, पहिल्यांदा भरला तेव्हा कुणीतरी 30 टाकले. माल प्रत्यक्षात येतो 52 दिवसांनी. मास्टरमधला आकडा बदलायचा तर तीन खात्यांच्या मंजुऱ्या लागतात. शीटमध्ये बदलायला अर्धे मिनिट. लाइन थांबली की जाब प्लॅनरलाच विचारला जाणार असतो, म्हणून तो शीट ठेवतो. नवे सॉफ्टवेअर येते तेव्हा त्यात भरला जातो तो मास्टरमधला 30. शीटमधले 52 शीटमध्येच राहतात. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

गणिताचा गाभा तसा जुनाच आहे. जोसेफ ऑर्लिकी आणि त्यांच्या सोबत्यांनी 1960 च्या दशकात एमआरपीची (मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, म्हणजे उत्पादनाला लागणाऱ्या मालाचे नियोजन) मांडणी केली, तेव्हापासून प्रश्न तेच आहेत: काय बनवायचे, कधी, त्याला काय काय लागते, हातात किती आहे, वाटेत किती आहे. आजची सॉफ्टवेअर या हिशेबाचा रात्रभर चालणारा रन काही मिनिटांत संपवतात आणि मशीनची क्षमताही हिशेबात धरतात. ‘हा पुरवठादार तीन आठवडे बंद पडला तर?’ असे विचारले की लगेच पर्यायी योजना मांडून दाखवतात. ही खरी प्रगती आहे. ज्याने रन संपायची वाट पाहत रात्री काढल्या आहेत त्याला तिचे मोल ठाऊक आहे. फक्त या सगळ्याला खायला घातलेले आकडे खरे हवेत.

किती खरे? एका यंत्रात 40 भाग आहेत असे धरा. प्रत्येक भागाचा स्टोअरमधला आकडा बरोबर असण्याची शक्यता 98 टक्के. ऐकायला छान वाटते. पण चाळीसही आकडे एकाच वेळी बरोबर असण्याची शक्यता निघते जेमतेम 45 टक्के. तीच अचूकता 95 वर आली तर 13 टक्के. म्हणजे आठपैकी सात वेळा कोणता ना कोणता भाग कागदावर एक आणि रॅकवर दुसरे सांगणार. हे दुरुस्त होते ते स्टोअरमध्ये रोज थोडे थोडे मोजून आणि बीओएममधले (कोणत्या वस्तूला कोणते भाग किती लागतात त्या यादीतले) बदल त्याच दिवशी नोंदवून. या कामाला सॉफ्टवेअरचा परवाना लागत नाही, माणसे आणि वेळ लागतो.

1999 मध्ये हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीने सुमारे 11 कोटी 20 लाख डॉलरच्या प्रकल्पात ईआरपी (सगळ्या खात्यांचे व्यवहार एकत्र नोंदवणारी यंत्रणा), प्लॅनिंग आणि ग्राहक व्यवस्थापन अशी तीन वेगवेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर एकदम सुरू केली, तीही हॅलोविनच्या हंगामाच्या तोंडावर. माल होता, पण ऑर्डर वेळेत निघेनात. हंगामात जादा माल कारखान्यातल्या मोकळ्या खोल्यांत, तात्पुरत्या जागांत ठेवायची तिथे रीत होती. त्या जागा नव्या सिस्टिममध्ये साठ्याची ठिकाणे म्हणून नोंदलेल्याच नव्हत्या; त्या ठाऊक होत्या तिथल्या माणसांना. सुमारे 10 कोटी डॉलरच्या ऑर्डर रखडल्या आणि त्या तिमाहीचा नफा 19 टक्क्यांनी घटला.

‘मागणीचा अंदाज यंत्रच अचूक काढेल’

2020 मध्ये एम-5 नावाची अंदाजांची मोठी स्पर्धा झाली. आकडेवारी वॉलमार्टच्या खऱ्या विक्रीची होती आणि संघ साडेपाच हजारांच्या आसपास. जिंकणाऱ्यांनी मशीन लर्निंगच वापरले आणि तुलनेसाठी ठेवलेल्या साध्या पद्धतीला त्यांनी वीस टक्क्यांहून अधिक फरकाने हरवले. हे मान्यच करायला हवे. पण ती साधी पद्धत म्हणजे एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग (ताज्या विक्रीला जास्त वजन देऊन सरासरी काढणे), 1950 च्या दशकातली, आज शीटमध्येही लावता येते अशी. तिला मागे टाकू शकलेले संघ सुमारे साडेसात टक्केच होते. तंत्र नवे आहे एवढ्यावर अंदाज सुधारत नाही. ते त्या आकडेवारीवर नीट बसवणारा माणूस लागतो.

‘साठा तिसऱ्या हिश्शाने उतरेल’

हा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, म्हणून इथे थोडा थांबतो. त्यामागचा समज असा की साठा वाढतो तो चुकीच्या अंदाजामुळे, तेव्हा अंदाज सुधारला की साठा त्याच प्रमाणात खाली येणार. गणित करून पाहू. एका भागाची आठवड्याची सरासरी मागणी 500 नग, तिच्यातली चढउतार 100 नग. पुरवठादाराचा लीड टाइम चार आठवडे, पण तो एक आठवडा इकडेतिकडे होतो. 95 टक्के वेळा माल हाताशी हवा, तर नेहमीच्या सूत्राने सेफ्टी स्टॉक, म्हणजे अनिश्चिततेसाठी राखायचा जादा साठा, निघतो सुमारे 889 नग.

आता नव्या सॉफ्टवेअरने अंदाजातली चूक 20 टक्क्यांनी घटवली, म्हणजे त्या 100 नगांची 80 झाली, असे मानू. ही मोठीच सुधारणा आहे. सेफ्टी स्टॉक होतो 866. फक्त 23 नग वाचले. उलट अंदाज जसा होता तसाच ठेवला आणि पुरवठादाराची एक आठवड्याची अनिश्चितता अर्ध्यावर आणली, तर तोच सेफ्टी स्टॉक 528 वर येतो.

सगळ्याच भागांचे असे नसते. पुरवठादार तारखेला पक्का असेल तर अंदाजाचे वजन वाढते. पण लांबून येणाऱ्या, कधी बंदरात तर कधी तपासणीत अडकणाऱ्या मालाच्या बाबतीत साठ्याचे मूळ तारखेच्या बेभरवशात असते. ते अर्ध्यावर आणायचे तर पुरवठादाराकडे जाऊन बसावे लागते, त्याला तीन महिन्यांची योजना आधी द्यावी लागते आणि दिलेली योजना दर आठवड्याला उलटीपालटी करायची नाही हे पाळावे लागते. किमान ऑर्डरचे बंधनही तसेच. व्हेंडर 5000 नगांखाली ऑर्डर घेत नसेल आणि गरज 1200 ची असेल, तर उरलेले 3800 नग कोणते सॉफ्टवेअर उतरवणार?

शिवाय साठा उतरणे म्हणजे नेहमी सुधारणाच, असेही नाही. कमी साठ्यावर चालण्याचे धडे जगाला देणाऱ्या टोयोटाने 2011 च्या भूकंप-त्सुनामीनंतर आपल्या पुरवठादारांच्या पुरवठादारांपर्यंतची माहिती जमवली आणि लवकर न मिळणाऱ्या सुट्या भागांचा, विशेषतः चिपचा, काही महिन्यांचा साठा पुरवठादारांना राखायला लावला. 2021 मध्ये चिपच्या टंचाईने वाहन कंपन्यांचे कारखाने थांबू लागले तेव्हा टोयोटा इतरांपेक्षा जास्त काळ तग धरून राहिली. कुठल्या भागाचा साठा उतरवायचा आणि कुठल्याचा मुद्दाम चढवायचा, हा निर्णय आहे, आणि तो घेणाऱ्याने जबाबदारीने घ्यायचा असतो. ‘सरसकट तिसरा हिस्सा’ असे उद्दिष्ट दिले की लोक सर्वांत सोपे तेच करतात: भरपूर खपणाऱ्या मालाचा साठा कापतात, कारण तो पटकन उतरतो. न खपणारा माल रॅकवर तसाच पडून राहतो. मग साठ्याचा आकडा सुंदर दिसतो आणि लाइन थांबते.

‘सगळे एका स्क्रीनवर दिसले की गोंधळ संपेल’

दिसणे चांगलेच, पण काय दिसते ते पाहायला हवे. सिस्को ही नेटवर्कची उपकरणे विकणारी अमेरिकी कंपनी 2001 च्या आधी पुरवठादारांशी थेट जोडलेल्या यंत्रणेसाठी नावाजलेली होती. हिशेबाची खाती एका दिवसात बंद करता येतात असे तिच्याबद्दल कौतुकाने सांगितले जाई. त्याच कंपनीला 2001 च्या मे महिन्यात सुमारे सव्वादोन अब्ज डॉलरचा साठा निर्लेखित करावा, म्हणजे बुडीत म्हणून हिशेबातून काढावा लागला. टंचाईच्या भीतीने ग्राहकांनी एकाच गरजेसाठी दोन-तीन ठिकाणी ऑर्डर टाकल्या होत्या. तिकडे सिस्कोचे वेगवेगळे उत्पादक त्याच सुट्या भागांसाठी एकाच वेळी मागणी नोंदवत होते. स्क्रीनवरची मागणी फुगलेली होती आणि ती अगदी ताजी, तत्काळ दिसत होती.

प्रॉक्टर अँड गँबलला डायपरच्या व्यवसायात हेच वेगळ्या रीतीने आढळले होते. बाळांची गरज रोज जवळपास सारखी, दुकानांतली विक्री फारशी हलत नाही, तरी कारखान्याकडे येणाऱ्या ऑर्डर मात्र वरखाली उसळतात. साखळीतला प्रत्येक जण वरच्याकडे मागताना थोडे हातचे राखून मागतो. बुलव्हिप इफेक्ट म्हणतात तो हा. तो आवरायचा तर सेल्स, प्रॉडक्शन आणि परचेस यांनी महिन्यातून एकदा बसून मागणीचा एकच आकडा मान्य करावा लागतो आणि महिनाभर त्याला धरून राहावे लागते. सेल्सने वीस टक्के वाढवून सांगायचे आणि प्रॉडक्शनने ते मनातल्या मनात कापायचे, ही सवय नव्या स्क्रीनवरही जशीच्या तशी चालते.

‘सहा महिन्यांत पैसे वसूल’

इथे फार लिहीत नाही. नायकेने मागणीच्या प्लॅनिंगचे सॉफ्टवेअर घेतले, त्यात बरेच फेरबदल करवून ते जुन्या यंत्रणांना जोडले, आणि फेब्रुवारी 2001 मध्ये सुमारे 10 कोटी डॉलरची विक्री बुडाल्याचे जाहीर केले. खपणाऱ्या बुटांची टंचाई आणि न खपणाऱ्यांचा ढीग, असे दोन्ही एकदम झाले होते. कंपनी पुढे सावरली, प्रकल्प तिने सोडला नाही, पण त्याला वर्षे लागली आणि वापरणाऱ्यांच्या प्रशिक्षणाला तिने भरपूर वेळ दिला. ज्या मोठ्या कंपनीत हजारो भाग आणि शेकडो पुरवठादार आहेत, तिथे मास्टर डेटा साफ करायलाच सहा महिने पुरत नाहीत. जुनी आणि नवी पद्धत काही काळ शेजारीशेजारी चालवून तफावत शोधणे याला मी कधीही फाटा देणार नाही, गो-लाइव्हची (नवी यंत्रणा प्रत्यक्ष सुरू करण्याची) तारीख कितीही वेळा जाहीर झाली असली तरी.

‘प्लॅनर लागणारच नाहीत’

नवे सॉफ्टवेअर रोज सकाळी सूचनांची यादी काढते: ही ऑर्डर अलीकडे आणा, ती पुढे ढकला, ही रद्द करा. मोठ्या कारखान्यात अशा सूचना हजारोंनी असतात. त्यातली कुठली मानायची हे कळायला यादीबाहेरची माहिती लागते. या व्हेंडरचा साचा दुरुस्तीला गेला आहे. त्या पुरवठादाराने ‘गुरुवारी’ म्हटले की माल सोमवारी येतो. हा ग्राहक महिनाअखेरीस नेहमी ऑर्डर वाढवतो. यातले काही हळूहळू सिस्टिममध्ये आणता येते आणि आणायलाच हवे, पण ते सांगणार कोण? ज्याला ठाऊक आहे तोच.

मी पाहिलेल्या दुसऱ्या प्रकल्पात कंपनीने गो-लाइव्हच्या आधीच नऊपैकी चार प्लॅनर कमी केले होते. बचतीचा तो आकडा प्रस्तावात लिहिलेला होता, म्हणून तो आधी पूर्ण केला. पुढच्या दोन महिन्यांत नव्या सॉफ्टवेअरने काढलेल्या ऑर्डर एक तर फार आधी पोहोचत, नाही तर फार उशिरा. स्टोअरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती आणि तरीही लाइन रोज कशाला ना कशाला अडत होती. पाच जण बाराबारा तास बसत, त्यांतली एक मुलगी रडत घरी गेलेली मी पाहिली आहे. शेवटी त्या चौघांपैकी दोघांना तात्पुरत्या कराराने परत बोलावले. त्यांना पहिले काम दिले ते हे: त्यांच्या जुन्या एक्सेल शीटमधले लीड टाइम एकेक करून नव्या सिस्टिममध्ये भरायचे.