संशयिताचे कपाट कसे वाचावे

आपल्या शहरात पुढचा खून होईल तेव्हा आपण गाफील राहू नये, म्हणून हे अल्पसे मार्गदर्शन. खून कोणी केला हे शोधणे पोलिसांचे काम असले, तरी तो कोणत्या मनोवृत्तीतून केला हे रात्री नऊच्या चर्चेपूर्वी ठरवण्याची जबाबदारी आता सर्वसामान्य नागरिकांवर येऊन पडली आहे, आणि त्यासाठी शवविच्छेदनाचा अहवाल, मोबाइलचे लोकेशन किंवा इमारतीतले सीसीटीव्ही चित्रण यांची वाट पाहत बसणे परवडणारे नाही. संशयिताचे पुस्तकांचे कपाट पुरते.

पहिली गोष्ट म्हणजे, कपाटातली पुस्तके निवडून घ्यावीत. ही कला मी नुकतीच अगदी जवळून पाहिली. मी दिवाळी अंकांतून गूढकथा लिहितो. शेजारच्या उपनगरात खुनाच्या संशयावरून एका तरुणाला अटक झाली, त्याच्या खोलीत काही रहस्यकथा सापडल्या, आणि ‘काळोख्या साहित्याचा मनावर होणारा परिणाम’ या विषयावर माझे मत घेण्यासाठी एका वृत्तवाहिनीची मंडळी मुलुंडला माझ्या घरी आली. आल्या आल्या कॅमेरामनने माझ्या पाठीमागच्या फडताळातून पाककृतींचे पुस्तक, तुकारामांची गाथा आणि पत्नीच्या होमिओपॅथीच्या वह्या काढून दिवाणावर ठेवल्या. ज्यांच्या मुखपृष्ठांवर कवट्या किंवा वटवाघळे होती, ती पुस्तके पुढे आली. पडदे ओढले गेले, पंखा आवाज करतो म्हणून बंद झाला, आणि ऐन मे महिन्यात भरदुपारी मी टेबललॅम्पच्या उजेडात घामाघूम होऊन मानवी मनाविषयी बोलू लागलो. मी म्हणालो की, ज्याच्या मनात आधीच विखार आहे तो आपल्या मनाला जुळणारी गोष्ट शोधून वाचेल हे अगदी शक्य आहे, परंतु तेवढ्यावरून त्या गोष्टीने विखार पेरला असे ठरत नाही, कारण तेच पुस्तक वाचून हजारो माणसे निमूटपणे जेवतात आणि झोपतात. यातले ‘हे अगदी शक्य आहे’ एवढेच शब्द प्रसारित झाले. खाली लाल पट्टी होती: ‘गूढकथाकाराची कबुली’. कबुली! दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये मला विचारले, “तुमच्या डोक्यात हे सगळं येतं तरी कुठून हो?” ते राहतात सातव्या मजल्यावर आणि उतरले तिसऱ्यावर.

संशयित माणूसघाणा होता, हे सिद्ध करणे त्याहून सोपे आहे. जो वार्षिक सभेला येत नाही, गणपतीच्या वर्गणीला दार उघडत नाही आणि जिन्यात भेटल्यावर हसत नाही, त्याला मानवजातीचा तिटकारा आहे असे धरून चालावे. ही कसोटी सकाळच्या ठाणे फास्टमध्ये दारात लोंबकळणाऱ्या प्रवाशांना मात्र लावू नये, कारण त्या घटकेला मानवजातीविषयी त्यांचे मत विचारल्यास संशयित ठेवायला आर्थर रोडचा तुरुंग अपुरा पडेल. धारवाडला राहून जन्मभर माणसे टाळणारे, साहित्य अकादमीचा पुरस्कारसुद्धा परत करणारे जी. ए. कुलकर्णी या कसोटीला पुरेपूर उतरले असते. महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यापलीकडे त्यांनी कोणाला त्रास दिल्याचे ऐकिवात नाही.

तज्ज्ञ असा बोलवावा, की ज्याने संशयिताला कधीही पाहिलेले नाही.

रामन राघवचे नाव चर्चेत निघू देऊ नये. फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांना मारणारा हा खुनी मुंबई पोलिसांनी ऑगस्ट १९६८ मध्ये पकडला, तेव्हा त्याच्याजवळ चष्मा, दोन कंगवे, कात्री, साबण, लसूण, चहाची पूड अशा वस्तू निघाल्या. कादंबरी एकही निघाली नाही. पुढे तीन मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याच्याशी पुन्हा पुन्हा, तासन्‌तास बोलून स्किझोफ्रेनियाचे निदान केले. एवढा वेळ घेतला तर जाहिराती केव्हा दाखवायच्या?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारीही दूर ठेवावी. २०२२ साली देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्यांपैकी ९,९६२ वादांतून, ३,७६१ वैयक्तिक वैरातून आणि १,८८४ लाभासाठी झाले. त्या तक्त्यात जादूटोण्यालाही रकाना आहे, कथासंग्रहाला नाही. कायदा तर उघडूच नये. १८७२ च्या पुरावा कायद्याने गुन्ह्याची तयारी संबद्ध मानली आणि आरोपीचे वाईट शील एरवी असंबद्ध ठरवले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच तत्त्व कायम आहे. म्हणजे खुनाच्या आदल्या रात्री कोणी फरशीवरचे रक्त कसे धुवावे हे मोबाइलवर शोधले असेल, तर ते न्यायालयाला पाहावेच लागेल. त्याने दहा वर्षे भुताखेतांच्या गोष्टी वाचल्या असतील, तर त्यातून फार तर त्याची आवड कळेल. हा फरक दहावीच्या मुलाला समजतो. चर्चेच्या सूत्रसंचालकाला तो समजत नसेल, असे मला वाटत नाही.

२०२२ साली वसईच्या एका तरुणीच्या खुनाच्या आरोपाखाली तिच्या जोडीदाराला दिल्लीत अटक झाली, तेव्हा त्याने कोणती अमेरिकन मालिका पाहिली होती यावर वाहिन्यांनी रात्री जागवल्या. त्या मुलीने नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे खुनाच्या सुमारे दीड वर्ष आधी, नालासोपाऱ्याच्या तुळींज पोलीस ठाण्यात लिहून दिले होते की, हा मला मारहाण करतो आणि मारून तुकडे करण्याची धमकी देतो. पुढे तिने तक्रार मागे घेतली आणि प्रकरण मिटले. मन वाचण्याची एवढी हौस असलेल्या आपल्या समाजाला एका जिवंत मुलीने साध्या शब्दांत लिहिलेला कागद वाचता आला नाही, आणि ती गेल्यावर तोच समाज मालिकेचे भाग चाळत बसला.

तेव्हा वाचकहो, सूचना पुरे झाल्या. तुम्ही पाहता म्हणून ह्या चर्चा होतात. आमच्या शेजारच्या उपनगरातल्या त्या तरुणाच्या खोलीतल्या पुस्तकांची यादी तुम्हीच सोसायटीच्या ग्रुपवर फिरवलीत. तिच्यात कोणीतरी माझाही कथासंग्रह घुसडला, तो तुम्ही न तपासता पुढे पाठवलात. त्या खुनात जी बाई मेली तिचे नाव मी तुमच्यापैकी अनेकांना विचारले, एकालाही सांगता आले नाही. तिच्या घरातून कित्येक महिने मारहाणीचे आवाज येत होते, हे तिच्या शेजाऱ्यांनी कॅमेऱ्यासमोर केस नीट करून सांगितले, आणि तुम्ही ते ऐकून हळहळलात. ते आवाज चालू होते तेव्हा त्या मजल्यावरच्या एकानेही दार वाजवले नाही. ११२ क्रमांक फिरवायला त्यांना मानसशास्त्राची पदवी लागत नव्हती.