लै भारी इंग्रजी पाहिजे? मग हे करा की

सगळ्यात आधी साधे शब्द सोडा. 'बिग', 'हॉट', 'टेस्टी' तर चौथीतलं पोरगंबी बोलतंय. मे महिन्यात सोलापुरात पारा ४४ वर जाऊन डांबर चपलेला चिकटायला लागलं तरी 'हॉट' म्हणायचं नाही, 'स्वेल्टरिंग' म्हणायचं, उकाडा तेवढाच राहतो पण घाम जरा शिकलेला वाटतो.

मग जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरनं जीआरईचं, म्हंजे अमेरिकेत शिकायला जायच्या परीक्षेचं, जाडजूड पुस्तक आणा, मागं वर्डलिस्ट असलेलं. विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न जीआरईतनं २०११ सालीच काढून टाकलेत, पण तुम्हाला कुठं अमेरिकेला जायचंय, तुम्हाला सोलापुरातल्याच नवी पेठेत जायचंय. पाठांतर 'ए' पासनं सुरू करा, 'बी' येईपर्यंत दम जातो, म्हणून आपल्याकडच्या विद्वानांचं सगळं इंग्रजी 'ए' वरनंच असतंय. मीबी त्यातलाच. मला 'अ‍ॅब्स्टीमियस' येतंय, म्हणजे बेतानं खाणारा, पण तसा माणूस गावात अजून भेटला नाही म्हणून शब्द कोरा पडून आहे.

शब्द आला की लगेच वापरायचा, अर्थ नंतर बगता येतो. मी शेंगाचटणीच्या दुकानात "चटणी एकदम अ‍ॅक्रिड आहे की ओ" म्हणून कौतुक केलं, तर मालक भडकले, "आज सकाळीच कुटलीय, खराब कशी हुईल?" घरी येऊन डिक्शनरी उघडली तर अर्थ निघाला नाकाला झोंबणारं, कडवट, म्हंजे मालकच बरोबर होते.

आणि लांबीवर भर द्या. शशी थरूरांनी २०१८ मध्ये 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' ट्विट केला, इंग्रजीत २९ अक्षरं, अर्थ काय तर एखाद्या गोष्टीला कवडीमोल ठरवणं. आपल्याकडं एवढ्या कामाला "हॅट् बे" पुरतंय, पण त्यानं इम्प्रेशन पडत नाही ना.

चुकून 'एम' पर्यंत पोचलात तर 'मंगूज' भेटल. त्याचं रंगीत कार्ड करा, रोज दहादा घोका, स्पेलिंगवर डोकं फोडा, आणि ते आपल्याच मराठी मुंगसावरनं तिकडं गेलंय हे अजिबात मनावर घेऊ नका. 'बँडिकूट'चंबी, म्हंजे घुशीचंबी तसंच, तो शब्द मूळचा तेलुगू 'पंदिकोक्कु', म्हणून सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात त्याच्यावर इंग्रजी झाडायला जाऊ नका. मी गेलो होतो. विड्या वळत बसलेल्या मावशींना मोठ्या रुबाबात विचारलं, बँडिकूट म्हंजे काय म्हाईताय का? त्यांना कळंना, मग मीच तेलुगूतला शब्द सांगितला, तर मावशी सूप बाजूला टाकून उठल्याच, "कुठं दिसलं रे? थांब, पिंजरा आणते."