कोळी म्हणजे मच्छीमारच? कोणी सांगितलं?

'कोळी शब्दाचा खरा अर्थ' हा मेसेज मामांनी दोन जोडलेल्या हातांसकट घरच्या ग्रुपवर टाकला. किडा जाळं विणतो, ते बघून माणूस मासे धरायला जाळं विणायला शिकला, म्हणून तो कोळी. म्हणजे कोळी हा मच्छीमारच, आणि डोंगरात राहून स्वतःला कोळी म्हणवणारे सगळे बोगस! शिवाय इंग्रजांचा 'कुली'सुद्धा म्हणे कोळ्यांवरूनच आला.

आधी ते 'बोगस'. बाकीचं हसण्यावारी नेता येईल, हे नाही. अकोले, जुन्नर, आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी राहतात. भात, नाचणी, वरई पिकवतात. भीमाशंकरच्या बाजूला तर बाळहिरडा, म्हणजे औषधी हिरड्याची कोवळी फळं, गोळा करायचा, अंगणात वाळवायचा आणि व्यापारी देईल त्या भावाला घालायचा. यात होडी कुठे आली? इंग्रजांविरुद्ध बंड करून 1848 मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच समाजाचे. ते काय बोंबील सुकवत होते?

राज्याची अनुसूचित जमातींची यादी कोणालाही उघडून बघता येते. 'कोळी महादेव, डोंगर कोळी' ही एक नोंद, 'कोळी मल्हार' दुसरी, ढोर आणि टोकरे कोळी आणखी वेगळी. धंद्याचा, माशांचा उल्लेखही नाही.

हो, नाव सारखं असल्याचा फायदा घेऊन जमातीचे खोटे दाखले काढले गेले, हे मान्य. खोट्या दाखल्यावरची नोकरी टिकणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलंय. पण त्यात राखीव जागा गेल्या त्या डोंगरातल्या पोरांच्याच. घरफोडी झाली म्हणून घरमालकालाच धरून न्यायचं, असला हा मेसेज!

मासे धरतो तो कोळीच, ही उलट बाजूही फसलेली. मालवणात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्या गाबिताला कोळी म्हणून बघा एकदा. खारवी, दालदी, मांगेला, नदीवरचे भोई, हे सगळे मासेच धरतात ना?

किड्याची गोष्ट तर कोश न उघडताच रचलेली. संस्कृतात कौलिक म्हणजे विणकर, आणि प्राकृतातला 'कोलिअ' विणकरही आणि कोळी-किडाही. म्हणजे किड्याचं नातं विणकराच्या मागाशी जुळतं, मासेमारीशी नाही.

राहिला 'कुली'. इथे थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. इंग्रजीत गेलेल्या हिंदुस्थानी शब्दांच्या 1886 च्या हॉब्सन-जॉब्सन कोशातही गुजरातकडच्या कोळ्यांशी तो जोडलाय. पण तमिळमध्ये 'कूली' म्हणजे मजुरी, आणि तो दावाही तितकाच तगडा आहे. मेसेजवाल्याने तमिळचं नावही काढलेलं नाही.