‘स्वतःचा पेपर रिपॉझिटरीत टाकू नका’ या मेसेजला उत्तर

प्राध्यापकांच्या आणि ग्रंथपालांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की स्वतःचा पेपर रिपॉझिटरीत (कुणालाही फुकट वाचता येईल अशा ऑनलाइन साठ्यात) टाकणं म्हणजे कॉपीराइटचा भंग, शिवाय आयडिया चोरीला जातात, प्लॅजरिझममध्ये, म्हणजे वाङ्मयचौर्यात, आपणच अडकतो आणि आता जर्नल्स वाचायला देणारी सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना आलीय तर गरजच काय. आपली ग्रंथपाल मंडळीच हे फॉरवर्ड करतायत याचं जास्त वाईट वाटतं.

आधी कॉपीराइटचं बघू. बहुतेक मोठे प्रकाशक सेल्फ-आर्काइव्हिंगला, म्हणजे आपला पेपर आपणच रिपॉझिटरीत टाकायला, परवानगी देतात, फक्त कुठली कॉपी टाकायची ते बघावं लागतं. जर्नलच्या साइटवरची फायनल पीडीएफ सहसा चालत नाही, पण पिअर रिव्ह्यूनंतर (तज्ज्ञांच्या तपासणीनंतर) दुरुस्त करून दिलेली, स्वीकारली गेलेली आपली वर्ड फाइल चालते. एल्सव्हिअरच्या बऱ्याच जर्नल्समध्ये संस्थेच्या रिपॉझिटरीसाठी काही काळ थांबावं लागतं, एमराल्ड या प्रकाशकानं २०१७ मध्ये ती अटच काढली, आणि लायब्ररी सायन्सची कितीतरी जर्नल्स एमराल्डचीच आहेत. खात्री करायची तर जिस्क या ब्रिटिश संस्थेच्या ओपन पॉलिसी फाइंडर या साइटवर जर्नलचं नाव टाका, नियम समोर येतात. आणि लोक करतात काय, तर नेमकी परवानगी नसलेली पीडीएफ रिसर्चगेट या संशोधकांच्या सोशल साइटवर चढवतात!

चोरीचं म्हणाल तर उलट आहे, रिपॉझिटरीत तारखेसकट नोंद राहते. भौतिकशास्त्रवाले १९९१ पासून अर्काइव्ह (arXiv) या रिपॉझिटरीत छापण्याआधीच पेपर टाकतायत.

प्लॅजरिझमचं सॉफ्टवेअर आपलाच प्रीप्रिंट (छापण्याआधी टाकलेली कॉपी) दाखवणारच, तो सोर्स वगळून रिपोर्ट काढता येतो, हे तर ग्रंथपालांनीच सांगायला हवं ना.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन चांगलीच योजना आहे, २०२५ पासून सरकारी संस्थांना हजारो जर्नल्स वाचायला मिळतायत, पण ती आपल्याला दुसऱ्यांचं वाचू देते, आपलं दुसऱ्यांपर्यंत नेत नाही. खासगी कॉलेजातला शिक्षक, निवृत्त माणूस, नेपाळमधला विद्यार्थी, हे सगळे बाहेरच राहतात.

खरी अडचण कायद्याची नाहीच, सवयीची आहे. शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या देशपातळीवरच्या रिपॉझिटरीत प्रबंध जातात कारण यूजीसीनं ते बंधनकारक केलंय, पेपरच्या बाबतीत कुणी विचारत नाही म्हणून ती स्वीकारलेली फाइल मेलमध्ये पडून राहते आणि दोन वर्षांनी मागितली तर सापडत नाही. स्वीकारल्याचा मेल आला की त्याच दिवशी ती वेगळी सेव्ह करा. ग्रंथपालांसाठी तर ई-लिस ही लायब्ररी सायन्सची रिपॉझिटरी २००३ पासून आहे, फुकट आहे, आधी आपले पेपर तिथे टाका आणि मगच प्राध्यापकांकडे मागायला जा.