कोजागिरीच्या रात्री माणिक का दिलं नाही: एका ताईंच्या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार देऊन जे लिहिलंय ते नीट वाचलं. तुमचं म्हणणं असं आहे: कोजागिरीला दुकानाच्या गच्चीवर बोलावलं, मसाला दूध दिलं, माणिक हातात ठेवलं आणि दाजींना पसंत पडल्यावर "हे विकायचं नाही" म्हणालो. चारचौघांत खाणी आणि मजुरांवर प्रवचन झालं, सणाची रात्र कडू झाली. बर्माच्या खाणींशी लातूरकरांना काय करायचंय? सोनं विकताना खाण सांगत नाही, मग खड्याचाच एवढा कळवळा का? आणि तसलंच बर्मी माणिक सर्टिफिकेटसकट तुम्हाला दुसरीकडं निम्म्या भावात मिळालं.

तुमच्या घरातली मंगळसूत्रं आमच्याकडं घडलीत, म्हणून चार ओळींत बोळवण करत नाही. उत्तर इथंच देतोय, कारण त्या रात्री गच्चीवर असलेल्या बाकीच्यांच्या मनातही यातलं काही राहिलं असेल.

आधी त्या माणकाचं सांगतो. ती पुडी जयपूरहून जांगडवर आलेली होती, म्हणजे माल त्यांचा, बघायला आमच्याकडं. पुडीवर पेन्सिलीनं वजन आणि 'बर्मा' एवढंच लिहिलेलं. माल कधी आणि कुणाकडून घेतला याचा कागद मी मागितला होता, तो आला नव्हता. वेगवेगळ्या ठिकाणच्या माणकांच्या रंगातला फरक लोकांना कळावा म्हणून ते ताटात ठेवलं आणि बाजूला 'फक्त पाहण्यासाठी' अशी चिठ्ठीही ठेवली. दाजींनी ते बोटावर धरून दिव्याकडं नेलं तेव्हा खरंच निखाऱ्यासारखं दिसत होतं. पिवळ्या दिव्याखाली माणिक तसं दिसतंच. म्हणून रंगीत खडा रात्री पसंत करू नये, हे आमच्या धंद्यातलं जुनं सांगणं आहे. कागद आला असता तरी त्या रात्री मी ते दिलं नसतं, सकाळी यायला सांगितलं असतं.

आता प्रवचनाचं. सुरुवात मी केली नव्हती. मागं बसलेल्या एका मुलीनं विचारलं, "काका, हा खडा काढणाऱ्याला हजेरी मिळते का उचल?" हजेरी म्हणजे रोजची मजुरी, उचल म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम. हा प्रश्न पुस्तकातून आलेला नाही, आपल्या मातीतला आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याकडची कुटुंबंच्या कुटुंबं ट्रॅक्टरमध्ये संसार भरून ऊसतोडीला साखर कारखान्यांकडं निघतात. उचल फिटली नाही की पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडं काढावा लागतो. हे पाहत वाढलेल्या पोरीला दूध पिऊन घे आणि गप्प बस, असं मी सांगणार नव्हतो.

तिला जे सांगितलं ते पुन्हा लिहितो. श्रीलंकेत रत्नपुराच्या बाजूला भाताच्या शेतांत खड्डे खणून नीलम आणि पुष्कराज काढतात. तिथं बहुतेक ठिकाणी वाट्यावर काम चालतं: जमीनमालक, परवानेवाला, पंपवाला आणि खणणारे यांचे हिस्से ठरलेले. खणायला सरकारी परवाना लागतो, काम झालं की खड्डा बुजवावा लागतो. खणणाऱ्याचा वाटा लहानच असतो, पण असतो. म्हणून सिलोनी पुष्कराज मी मोकळ्या मनानं विकतो.

आफ्रिकेतल्या मोझांबिकमध्ये मोंतेपुएझला 2009 च्या सुमारास माणकाचा मोठा साठा सापडला. तिथं स्थानिक खणणाऱ्यांना मारहाण झाली, काहींचे जीव गेले, असे दावे लंडनच्या न्यायालयात दाखल झाले. तिथल्या खाणवाल्या कंपनीनं दोष मान्य न करता 2019 मध्ये भरपाई देऊन तडजोड केली. तिथलं माणिक मी विकतो, पण कागद असेल तरच, आणि हे सगळं सांगून. गिऱ्हाईक नको म्हणालं तर मला वाईट वाटत नाही.

बर्माचं मात्र मला पटत नाही. 1 फेब्रुवारी 2021 ला तिथं लष्करानं सत्ता घेतली. त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेनं तिथल्या सरकारी रत्न कंपनीवर निर्बंध घातले, कारण खड्यांचा पैसा लष्कराच्या हाती जातो. तिथल्या मोगोक भागातल्या माणकाचा रंग जगात नावाजलेला आहे, मला स्वतःला तो फार आवडतो. पण सत्तापालटाच्या आधी देशाबाहेर आल्याचा कागद नसेल तर ते माझ्या दुकानातून कुणाच्या बोटात जाणार नाही. दाजींना माणिक रवी ग्रहासाठी घालायचंय हे मला ठाऊक आहे, त्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. घरात बरकत यावी म्हणून जे अंगावर घालायचं, ते कुणाला लुबाडून आलेलं नसावं, एवढंच माझं म्हणणं.

हिऱ्यांसाठी 2003 पासून किंबर्ली प्रक्रियेचं, म्हणजे देशांनी मिळून ठरवलेल्या व्यवस्थेचं, प्रमाणपत्र तरी आहे. तेही फक्त कच्च्या हिऱ्यांना आणि तेही बंडखोर टोळ्यांना पैसा पुरवणारे हिरे रोखण्यापुरतं. माणिक, नीलम, पाचू यांना तेवढंही नाही. इथं दुकानदारानं विचारलं नाही तर मधे विचारणारं कुणीच नसतं.

लातूरचा काय संबंध, असं तुम्ही लिहिलंय. ताई, तासाभराच्या अंतरावर तेर आहे. तिथल्या लामतुरे संग्रहालयात जा, सातवाहन काळातले दगडी मणी बघा. ज्वारीच्या दाण्याएवढ्या मण्याला आरपार भोक पाडलेलं आहे, कडा इतकी गुळगुळीत की दोरा अडत नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की पैठणहून असले दगड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात आणि तगरहून, म्हणजे आपल्या तेरहून, कापड. हा धंदा आपल्या भागाला परका नाही.

आणि आजचं बघायचं तर गुजरातमधल्या खंभातला बघा. आपल्याकडच्या जत्रेत, दर्ग्याबाहेर, देवीच्या दुकानांत अकीक दगडाच्या माळा मिळतात, त्यातल्या पुष्कळ खंभातहून येतात. दगड चाकावर घासताना उडणारी बारीक धूळ कारागिरांच्या छातीत बसते. सिलिकोसिस म्हणतात त्या आजाराला. फुप्फुसं दगडासारखी घट्ट होत जातात आणि त्यावर इलाज नाही. घासणारा तर जातोच, शेजारी राहणाऱ्या बायका-पोरांच्याही श्वासात ती धूळ जाते. चाकाजवळ धूळ ओढून घेणारं यंत्र बसवलं तर पुष्कळ फरक पडतो, पण त्याचा खर्च स्वस्त माळेत बसत नाही. मी अकीक घेतो तो असं यंत्र असलेल्या कारागिराकडूनच, म्हणून आमच्याकडची माळ महाग पडते. त्या रात्री याबद्दल बोलताना माझा आवाज चढला असेल. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

सोन्याचा तुमचा सवाल मात्र रास्त आहे आणि त्याला आडवळणानं उत्तर देणार नाही. हॉलमार्क शुद्धता सांगतो, त्यावरचा सहा अंक-अक्षरांचा नंबर त्या दागिन्याची ओळख सांगतो, खाण दोन्ही सांगत नाहीत. बँकेमार्फत येणारं सोनं कुठल्या खाणीतलं हे मला सांगता येत नाही, आणि विचारणाऱ्याला मी तसंच सांगतो. मोडीचं सोनं मात्र माझ्या डोळ्यांदेखत आटतं. म्हणून शक्य तिथं जुन्या दागिन्यांच्या मोडीतूनच नवा दागिना करून घ्या, असं मी प्रत्येकाला सुचवतो. घट धरूनही ते बहुधा परवडतं. सोन्याचं सगळं कळत नाही म्हणून खड्याचंही विचारू नये, हे काही मला मान्य नाही.

राहिलं निम्म्या भावातलं माणिक. दुसऱ्या दुकानाबद्दल मी वाईट बोलणार नाही, खडा मी पाहिलेला नाही. पण त्या सर्टिफिकेटवर देशाचं नाव आहे का, ते आधी बघा. छोट्या कार्डावर बहुधा खड्याची जात तेवढी लिहिलेली असते. मग शेरा लिहायच्या ओळीत 'ग्लास फिल्ड' असं काही आहे का ते वाचा. भेगाळलेल्या माणकात शिशाची काच भरून ते चकचकीत करतात. भिंगाखाली फिरवलं की आत निळसर चमक मारते आणि चपटे बुडबुडे दिसतात. असा खडा सोनाराच्या ज्योतीखाली खराब होतो, लिंबाच्या रसानंही आतली काच खाल्ली जाते.

दाजींना घेऊन सकाळी अकराच्या सुमारास या, उत्तरेच्या खिडकीत चांगला उजेड असतो. तपासायचे पैसे घेत नाही. खडा चांगला निघाला तर त्याच अंगठीत पक्का बसवून देतो, घडणावळ नाही. तोवर अंगठी घालून लोणच्याचं काम करू नका.