विलगीकरणाच्या खोलीची कडी आतूनच हवी

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड ही महासाथ असल्याचे जाहीर केले आणि महिना उलटायच्या आत, ५ एप्रिलला, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अंतोनियो गुटेरेस यांना घरातली हिंसा थांबवण्याचे जाहीर आवाहन करावे लागले. त्यानंतर मदतवाहिन्यांवर किती फोन आले, किती वाढले, यावर पुष्कळ लिहिले गेले. इटलीच्या १५२२ या मदतवाहिनीवर १ मार्च ते १६ एप्रिल या काळात आदल्या वर्षीपेक्षा ७३ टक्के जास्त फोन आल्याचे तिथल्या सांख्यिकी संस्थेने नोंदवले. मात्र फोन करून, धीर एकवटून, मुलांना घेऊन घराबाहेर पडलेली बाई आश्रयगृहाच्या दारात पोहोचली की पुढे तिचे काय होते, यावर फारच कमी बोलले गेले. त्या काळात मी एका आश्रयगृहात समुपदेशक म्हणून काम करत होते. पुढच्या साथीची तयारी करणाऱ्यांनी ज्या गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात असे मला कळकळीने वाटते, त्या इथे मांडते आहे.

आश्रयगृह चालते ते माणसांच्या जवळिकीवर. स्वयंपाकघर एक, न्हाणीघरे सामाईक, एका खोलीत दोन-तीन कुटुंबे. नव्याने आलेल्या बाईला पहिला दिलासा बहुतेक वेळा समुपदेशकाकडून मिळत नाही, तर शेजारच्या खाटेवरच्या, तिच्याआधी महिनाभर आलेल्या बाईकडून मिळतो. साथीने नेमकी ही जवळीकच धोक्याची ठरवली. नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला चौदा दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचे, बाहेर पडू द्यायचे नाही, कोणाला भेटू द्यायचे नाही, जेवण दाराशी ठेवायचे, असा नियम झाला. संसर्ग रोखायचा तर हे आवश्यकच होते, त्याबद्दल माझा वाद नाही. परंतु हीच यादी पुन्हा एकदा वाचून पाहा. बाहेर जायचे नाही, कोणाशी बोलायचे नाही, जेवण कधी मिळेल ते दुसरा कोणी ठरवणार. ज्या घरातून ती जीव वाचवून निघाली त्या घराचे नियम याहून वेगळे नव्हते.

आमची विलगीकरणाची खोली पूर्वी सामान ठेवायची होती आणि तिला कडी होती ती फक्त बाहेरून. पहिल्याच बाईने खोलीत पाऊल टाकण्याआधी दाराकडे पाहून विचारले, "ताई, हे दार बाहेरून लावणार का?" टाळेबंदीत सुतार मिळण्याची शक्यता नव्हती. अधीक्षक ताईंनी स्वतः पेचकस आणून बाहेरची कडी काढली, तीच दाराच्या आतल्या बाजूला बसवली, आणि मग तिला सांगितले की दार लावायचे की उघडे ठेवायचे ते तुझे तू ठरव. तू बाहेर येऊ नयेस ही आमची विनंती आहे आणि त्यामागचे कारण असे आहे. कारण नीट समजावले, चौदावा दिवस कोणत्या तारखेला येतो ते कागदावर लिहून दिले. ती बाई चौदा दिवस खोलीतच राहिली, तिने एकदाही नियम मोडला नाही.

माझे म्हणणे सारे यात आले. साथीच्या नियमांत सवलत देता येत नाही, पण नियम सांगण्याची, त्याचे कारण देण्याची आणि तो कधी संपेल हे सांगण्याची पद्धत आपल्या हातात असते. रोजचा फोन सकाळी करावा की मुले झोपल्यावर, कोणत्या समुपदेशकाने करावा, मुलांना काय सांगावे, हे तिला ठरवू देण्यात विषाणूला कसलीच वाट मिळत नाही. वर्षानुवर्षे जिच्या हातून प्रत्येक निर्णय काढून घेतला गेला, तिच्यासाठी उपचाराची सुरुवात इथूनच होते.

दुसरी गोष्ट वैद्यकीय आहे आणि ती जिवावर बेतणारी आहे. प्रवेशाच्या वेळी लक्षणांचा एक तक्ता भरून घेतला जाई: घसा दुखतो का, आवाज बसला आहे का, श्वास घ्यायला त्रास होतो का. ज्या बाईचा गळा जोडीदाराने नुकताच आवळलेला आहे, तिची या तिन्ही प्रश्नांची उत्तरे "हो" अशी येऊ शकतात. गळा आवळल्याच्या खुणा कातडीवर दिसतीलच असे नाही. मानेतल्या रक्तवाहिनीला आतून इजा झालेली असेल तर पक्षाघाताचा झटका काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीसुद्धा येऊ शकतो. अशा बाईला कोविडची संशयित रुग्ण समजून खोलीत एकटी ठेवणे म्हणजे तिच्यावर सर्वांत जास्त लक्ष हवे त्या दिवसांत तिला नजरेआड करणे. म्हणून प्रत्येक तक्त्यात आणखी एक प्रश्न असायलाच हवा, "तुझा गळा कोणी दाबला होता का?", आणि तो मुलांसमोर न विचारता एकांतात विचारायला हवा. उत्तर होकारार्थी आले तर विलगीकरणाच्या आधी डॉक्टर.

मुखपट्टीचेही असेच. जिचे तोंड आणि नाक दाबले गेले होते, तिला मुखपट्टी लावताच घाबरे होते. त्याला हट्ट म्हणून चालत नाही. आम्ही उघड्या गच्चीत, अंतर राखून बसण्याचा मार्ग काढला आणि तो जवळपास सर्वांना मानवला.

फोनवरून समुपदेशन ही त्या काळाची मोठी सोय मानली गेली, आणि दुसरा पर्याय नव्हता तेव्हा तिने कामही निभावले. पण एका खोलीत आई आणि सात वर्षांचे मूल असताना आई बापाविषयी काय बोलणार? ती "हो", "नाही", "बरं" एवढ्यावर थांबते, आणि फोन करणाऱ्याच्या नोंदीत मात्र सत्र पूर्ण झाले असे लिहिले जाते. त्या अर्ध्या तासापुरते मुलाला दुसऱ्या कोणाकडे सुरक्षितपणे बसवण्याची सोय हा समुपदेशनाचाच भाग मानायला हवा. गोपनीयतेचा प्रश्न तर याहून अवघड आहे, कारण आश्रयगृहाचा पत्ता गुप्त असण्यावरच तिथल्या सर्वांची सुरक्षितता अवलंबून असते आणि संपर्कशोधाला नेमका पत्ताच हवा असतो. ती माहिती आरोग्य यंत्रणेतल्या कोणत्या एका व्यक्तीकडे जाईल आणि तिच्यापुढे कोणाकडे जाणार नाही, हे साथ येण्याआधी लेखी ठरलेले असले पाहिजे. रुग्ण सापडल्यावर घाईने ठरवायची ही गोष्ट नव्हे.

जागेविषयी थोडेच लिहिते. अंतर राखायचे म्हणून खाटा कमी झाल्या, न्यायालये मंदावली आणि भाड्याची घरे मिळेनात म्हणून आधीच्या बायका बाहेर पडू शकल्या नाहीत. फ्रान्सने २०२० मध्ये हॉटेलांतल्या २०,००० रात्रींचा खर्च उचलण्याचे जाहीर केले, हे स्वागतार्हच होते, तरी हॉटेलची खोली हे छप्पर झाले. रात्री दोन वाजता दचकून उठलेल्या बाईशी बोलायला तिथे कोणी नसते. मला अधिक मोलाचा वाटतो तो ऑस्ट्रियात १९९७ पासून लागू असलेला कायदा, ज्यानुसार पोलीस हिंसा करणाऱ्यालाच घराबाहेर काढू शकतात आणि त्याला परत येण्यास मनाई करू शकतात. बाई आणि मुले आपल्याच घरात राहू शकली तर आश्रयगृहातली खाट जिला खरोखर दुसरा मार्ग नाही तिच्यासाठी मोकळी राहते.

राहता राहिल्या काळजी घेणाऱ्या. दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना जे मिळाले ते मिळायलाच हवे होते, पण आश्रयगृहात काम करणाऱ्या बायकांना संचारबंदीत कामावर जाण्याचा परवाना मिळवण्यासाठीसुद्धा आपण कोण आहोत हे वारंवार पटवून द्यावे लागले, आणि तेही कामाच्या जागेचा पत्ता न सांगता. आमच्यातल्या काही जणी आठवडा-आठवडा आश्रयगृहातच राहिल्या, कारण येण्याजाण्यात संसर्ग आत आणण्याची भीती होती. त्यांची स्वतःची मुले घरी होती. आश्रयगृहातल्या कर्मचाऱ्यांची नावे पहिल्या दिवसापासून अत्यावश्यक सेवेत असावीत, परवान्यावर संस्थेचे नाव-पत्ता न छापता केवळ क्रमांक असावा, तपासणी आणि लशीत त्यांना आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने स्थान मिळावे, आणि आठवडाभर मुक्काम करणाऱ्या पाळीनंतर पगारी सुट्टी मिळावी, एवढे तरी पुढच्या साथीच्या आराखड्यात लेखी असावे अशी माझी मागणी आहे. असे आराखडे ज्यांच्या टेबलावर आज तयार होत आहेत, त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांनी मसुदा पक्का करण्याआधी एखाद्या आश्रयगृहाच्या अधीक्षकांना आणि तिथे राहून गेलेल्या दोघी-तिघींना चर्चेला बोलवावे.